गेमच्या धंद्याचं २०२५ साल : विदर्भातल्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही व्हिडिओ गेमविषयी प्रश्न मागवले होते. रिसोडपासून धारणीपर्यंत सगळीकडून पत्रं आली. बहुतेकांनी २०२५ मधल्या एखाद्या बातमीचा धागा धरून विचारलं आहे, की यातलं आपल्या कामाचं काय? मोठ्या घडामोडी अमेरिकेत, फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात झाल्या, पण त्यांचे परिणाम हिंगणघाटच्या गेम-पार्लरपर्यंत आणि आर्णीच्या एका लॅपटॉपपर्यंत पोचले आहेत. जागेअभावी आठ प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेम बनवण्याच्या क्षेत्रात जायचं ठरवलं होतं. पण यंदा मायक्रोसॉफ्टने माणसं काढली, ईए विकली गेली, जीटीए पुढे ढकलला. बाबा म्हणतात, बी.एड. कर. काय करावं? (रिसोड, जि. वाशिम)

तिन्ही बातम्या खऱ्या आहेत, पण तिघींचा अर्थ एक नाही. २ जुलैला मायक्रोसॉफ्टने कंपनीभरातून सुमारे ९,००० जागा कमी केल्या. त्यात ‘परफेक्ट डार्क’ आणि ‘एव्हरवाइल्ड’ हे वर्षानुवर्षं चाललेले गेम रद्द झाले आणि ‘परफेक्ट डार्क’वर काम करणारा ‘द इनिशिएटिव्ह’ स्टुडिओ बंद पडला. कोरोनाच्या टाळेबंदीत लोक घरात बसून खूप खेळत होते, तेव्हा या धंद्याने भरमसाट भरती केली. पुढे खेळणाऱ्यांची वाढ मंदावली, गेमचा खर्च मात्र वाढतच राहिला. ईए या बड्या गेम-कंपनीचा सौदा २९ सप्टेंबरला जाहीर झाला. सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक आणि ॲफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्या मिळून ५५ अब्ज डॉलर मोजणार असं ठरलं, त्यातले २० अब्ज कर्जाचे. कर्ज फेडायचं असलं की कंपनी हात आखडता घेते, म्हणून तिथल्या लोकांना धास्ती आहे. जीटीए ६ या गेमचं प्रकरण निराळं. २ मे रोजी तो २६ मे २०२६ वर गेला आणि ६ नोव्हेंबरला १९ नोव्हेंबर २०२६ वर. गेम तेव्हा तयार झाला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

याच वर्षात दुसरीही बाजू दिसली. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हने २४ एप्रिलला ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३’ आणला. मूळ चमू तिसेक जणांचा, बाकी काही काम बाहेरच्यांकडून करून घेतलेलं. ११ डिसेंबरला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम तोच ठरला. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ ४ सप्टेंबरला २० डॉलरला आला, तेव्हा गर्दीने स्टीमसकट गेमची मोठी ऑनलाइन दुकानं काही काळ अडली. मूळ चमू तीन जणांचा. पण हा गेम जाहीर झाला होता फेब्रुवारी २०१९ मध्ये. आधीच्या गेमची कमाई हातात होती म्हणून त्यांना एवढा वेळ मिळाला. तुमच्या घरच्या हिशेबात असं धरून चालता येणार नाही.

आमचं मत असं, की बी.एड. आणि गेम यांत वैर नाही. बारा महिने ठरवून घ्या आणि त्यात तीन छोटे गेम पूर्ण करा. प्रत्येकाला चार आठवडे, त्याहून जास्त नाही. पूर्ण म्हणजे सुरुवातीचा पडदा, खेळ, हार-जीत, पुन्हा खेळा, आवाज बंद-चालू, आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर न अडता चालणं. अर्धवट राहिलेले दहा गेम दाखवण्यापेक्षा हे तीन दाखवणं कितीतरी बरं. एकही गेम पूर्ण केला नसेल, तर तीन-चार लाखांच्या डिप्लोमात पैसे घालू नका. पहिल्या दोन महिन्यांतच कळतं की हे काम आपल्याला सोसतं की नाही.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः पुण्या-मुंबईत आहे. यूबीसॉफ्टचा मोठा स्टुडिओ पुण्यात आहे, ‘राजी’ (२०२०) बनवणारे नॉडिंग हेड्स पुण्याचे, ‘इंडस’वाले सुपरगेमिंगही पुण्याचे. नवख्याला बऱ्याचदा पहिली जागा मिळते ती चाचणीच्या कामात, म्हणजे गेम खेळून दोष नोंदवण्यात. त्याची तयारी गावात बसून करता येते. एखादा मोफत गेम घ्या आणि पाच दोष नीट लिहा. एका ओळीत दोष काय, तो येण्यासाठी काय काय केलं ते क्रमाने, काय व्हायला हवं होतं, काय झालं, मोबाइल कोणता, अँड्रॉइड कितवं, गेमची आवृत्ती कोणती, आणि दहा वेळा करून पाहिलं तर किती वेळा झालं. ‘गेम अटकतो’ एवढंच लिहिलेलं अहवाल म्हणून चालत नाही. ‘तिसऱ्या पातळीवर फोन आला आणि परत आलो की आवाज जातो, १० पैकी ७ वेळा’ हे चालतं.

प्रश्न : शंकरपटावर मराठी गेम बनवतो आहे. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम. युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन) मराठी अक्षरं तुटतात, ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या मागे जाते. आणि मित्राच्या नव्या मोबाइलवर बैल दुप्पट वेगाने पळतात! (आर्णी, जि. यवतमाळ)

विषय उत्तम निवडला आहे. तुमच्या दोन्ही अडचणी नेहमीच्या आहेत आणि दोन्ही सुटतात.

आधी अक्षरं. देवनागरीत अक्षर ज्या क्रमाने साठवलं जातं त्याच क्रमाने ते दिसत नाही. ‘कि’मध्ये आधी ‘क’ साठतो, मग वेलांटी, पण काढताना वेलांटी आधी काढावी लागते. हे जुळवणीचं काम करणारा भाग युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीसाठी नीट नाही. म्हणून वेलांटी सरकते, रफार हरवतो, जोडाक्षर हलन्त होऊन सुटं पडतं. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनमध्ये ही जुळवणी आतच बसवलेली आहे. तुमचा गेम द्विमितीय आहे आणि काम अजून फार पुढे गेलेलं नाही, तेव्हा सरळ गोडोवर या. तो मोफत आहे, कमाईतला वाटा मागत नाही आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर चालतो. मुख्य प्रोग्रॅम शंभर एमबीच्या आसपास आहे. मोबाइलसाठी गेम बांधताना लागणारे साचे मात्र एक जीबीच्या आसपास भरतात, तेव्हा ते रात्री उतरवायला लावा. प्रकल्प सुरू करताना चित्रण पद्धत ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा. गावातले बरेच मोबाइल जुने असतात, दुसऱ्या पद्धतींवर ते धापा टाकतात.

फाँट घ्या ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गेममध्ये घालून वाटता येतात. डीटीपीवाल्याकडून मजकूर आणला असेल तर तो बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीत असेल. तो आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर गेममध्ये नुसत्या इंग्रजी खुणा दिसतील. मग हे शब्द लिहून तपासा : किल्ला, शर्यत, धुरकऱ्यांची, ट्रॅक्टर, दृष्टी, कर्तृत्व. हे सहा नीट आले की बाकी सहसा येतात. दोन चुका टाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि मजकूर एकेक अक्षराने उमटवत असाल, तर लेबलच्या गुणधर्मांत ‘अक्षरं जुळवणीनंतर दाखवा’ हा पर्याय निवडा. तो नसेल तर जोडाक्षर अर्धं उमटून मग रूप बदलतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला खुपतं.

आता वेग. तुम्ही बैलाला प्रत्येक चित्रचौकटीला ठरावीक पिक्सेल पुढे सरकवत आहात. जुना मोबाइल सेकंदाला ६० चौकटी दाखवतो, नवा १२०. म्हणून बैल दुप्पट पळतो. सरकवण्याचं अंतर नेहमी वेग गुणिले ‘डेल्टा’ असं लिहा. डेल्टा म्हणजे मागच्या चौकटीपासून गेलेला वेळ, सेकंदात. वेग २४० पिक्सेल प्रति सेकंद ठेवला की दोन्ही मोबाइलवर बैल एकाच वेळी पोचेल.

बैल घसरल्यासारखे वाटू नयेत यासाठी पायांचं गणित जुळायला हवं. धावण्याची आठ चित्रं काढा आणि ती सेकंदाला १२ या गतीने फिरवा, म्हणजे एक आवर्तन ०.६७ सेकंदाचं होतं. एका आवर्तनात खूर चित्रात १६० पिक्सेल मागे जात असेल, तर बैलाचा वेग बरोबर २४० हवा. वेग वाढला की चित्रांची गतीही त्याच प्रमाणात वाढवा. प्रत्येक चित्र २५६ बाय २५६ ठेवलं तर आठ चित्रांची पट्टी २०४८ बाय २५६ ची होते आणि मेमरीत सुमारे २ एमबी घेते. हौसेने प्रत्येक चित्र १०२४ चं केलंत तर तीच पट्टी ३२ एमबी खाईल आणि २ जीबीच्या मोबाइलवर गेम अडू शकतो.

आवाज तळेगाव दशासरच्या पटावर जाऊन घ्या. मोबाइलच्या माइकवर स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर वारा सगळा आवाज खाईल. खुरांचा, घुंगरांचा, गर्दीचा आवाज वेगवेगळा घ्या. सतत फिरणारा आवाज ओजीजीमध्ये ठेवा. एमपी३ च्या सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता चिकटते आणि प्रत्येक फेरीला खट्ट असा खंड ऐकू येतो. आणखी एक. चाबूक, पराणी दाखवू नका. प्रत्यक्ष शर्यतीच्या नियमांतही त्यांना मनाई आहे. धुरकऱ्याने हाळी नेमक्या क्षणी दिली तर जोडी उसळेल, असा ताल धरून टिचकी मारायचा खेळ करा. तो खेळायला गोड आहे आणि बनवायलाही सोपा.

प्रश्न : गेम तयार आहे. प्ले स्टोअरवर टाकताना ‘१२ परीक्षक, १४ दिवस’ इथे अडलो. आधी पैसे भरतानाच दोनदा कार्ड नाकारलं होतं. (पुसद, जि. यवतमाळ)

नोंदणी फी २५ डॉलर, एकदाच. केवळ देशांतर्गत चालणारं रूपे कार्ड किंवा प्रीपेड कार्ड तिथे चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, आणि बँकेच्या ॲपमध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर आधी चालू करायला हवा. नव्या कार्डांवर तो बंदच असतो. ओळखपत्रावरचं नाव-पत्ता खात्यावरच्या नाव-पत्त्याशी अक्षरशः जुळवा.

गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी परीक्षकांकडून तपासून घेण्याचा नियम १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आहे. आधी २० जण लागत, डिसेंबर २०२४ पासून १२. बहुतेकांचं इथे हे चुकतं : बारा जणांचे ईमेल यादीत घातले की झालं, असं वाटतं. तसं नाही. प्रत्येकाने दुव्यावर जाऊन ‘परीक्षक व्हा’ दाबायला हवं, गेम उतरवायला हवा आणि सलग १४ दिवस राहायला हवं. तेराव्या दिवशी दोघे निघून गेले आणि आकडा दहावर आला, तर दिवस वाया जातात. म्हणून अठरा-वीस जण घ्या. ज्या ईमेलने ते प्ले स्टोअर वापरतात तोच ईमेल मागा. अनेकांच्या मोबाइलवर दुकानदाराने उघडून दिलेलं खातं असतं आणि त्यांना ते माहीतही नसतं. तेव्हा प्रत्येकाचा मोबाइल हातात घेऊन बघा. चौदा दिवसांनी परवानगी मागताना काय दोष सापडले, काय सुधारलं हे विचारतात, म्हणून वहीत नोंद ठेवा आणि मधे निदान एक-दोन सुधारित आवृत्त्या चढवा.

३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपने अँड्रॉइड १५ साठीचं लक्ष्य ठेवलेलं असावं लागतं, म्हणजे पातळी ३५. जुनं इंजिन असेल तर फाइल तिथेच परत येते. फाइल एएबी प्रकारची लागते, थेट मोबाइलवर टाकतात ती एपीके नाही. सही करण्याच्या किल्लीची फाइल आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपा, एक पेनड्राइव्हवर घराबाहेर. पॅकेजचं नाव नंतर बदलता येत नाही. आणि वैयक्तिक खात्यावरून कमाई सुरू केली की तुमचा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. घरात आधी बोलून घ्या.

स्टीमवर जायचं असेल तर प्रत्येक गेमला १०० डॉलर. पैसे भरल्यावर किमान ३० दिवस थांबावं लागतं आणि ‘लवकरच येत आहे’चं पान निदान दोन आठवडे लागलेलं असावं लागतं. करविषयक माहिती भरताना पॅन क्रमांक द्या. भारत-अमेरिका कर-कराराप्रमाणे अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते.

प्रश्न : माहा पोरगा अकरावीले आहे. मोबाइलवर रमी अन् क्रिकेटची टीम लावाचा गेम खेयत होता. खात्यातले चवदा हजार गेले. मंग सरकारनं ते बंद केलं म्हणते. पण टेलिग्रामवाल्यानं दुसरी लिंक पाठोली, त्याच्यातबी सहा हजार गेले. पैसे वापस भेटतीन का? पोरावर केस होईन का? (तेल्हारा, जि. अकोला. पत्र जसंच्या तसं ठेवलं आहे.)

आधी तुमची काळजी. पैसे लावून खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेत २० आणि २१ ऑगस्टला मंजूर झाला, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावण्याचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ ही पळवाट आता नाही. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंदच. पैसे न लावता खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स याला मात्र मोकळीक आहे.

एका गोष्टीत खरोखर केस होऊ शकते. ‘तुझं खातं वापरू दे, टक्केवारी देतो’ असं म्हणून हे टेलिग्रामवाले पोरांच्या खात्यातून दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे फिरवतात. तसं काही झालं आहे का, ते पोराला न रागावता शांतपणे विचारा. झालं असेल तर आपणहून पोलिसांत सांगा.

पैशाचे दोन हिशेब वेगळे धरा. पहिले चौदा हजार. त्या ॲपच्या वॉलेटमध्ये काही शिल्लक पडून असेल तर ती काढून घ्या. हरलेले पैसे परत येत नाहीत. दुसरे सहा हजार ही फसवणूक आहे. १९३० वर लगेच फोन करा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, तारीख-वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि टेलिग्रामवरच्या बोलण्याचे फोटो हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर ते गोठवता येतात, म्हणून तासांचा हिशेब आहे. बँकेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पिन पोराने स्वतः टाकला असल्यामुळे बँक भरपाई नाकारू शकते, तरी अर्ज द्याच.

आता मोबाइल. टेलिग्रामवरून आलेली एपीके फाइल नुसता गेम नसते, ती मेसेज वाचायची परवानगी घेते आणि ओटीपी पळवते. विमान मोड लावा, ते ॲप काढून टाका. निघत नसेल तर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’च्या यादीतून त्याची खूण काढा, मग काढा. यूपीआय पिन दुसऱ्या मोबाइलवरून बदला. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी उघडा, तिथे दर महिन्याला कापले जाणारे पैसे लपलेले असतात. शेवटी फोटो काढून ठेवून मोबाइल पूर्ण रिसेट करा. तुमचं खातं पोराच्या मोबाइलवर ठेवू नका. प्ले स्टोअरमध्ये ‘प्रत्येक खरेदीला पासवर्ड’ लावा. तिथून चुकून झालेल्या खरेदीचे पैसे ४८ तासांच्या आत मागता येतात.

पोरगा गप्प बसत असेल, जेवत-झोपत नसेल, तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात. आधी त्याला जवळ घ्या, पैशाचं नंतर बघू.

प्रश्न : सहा संगणकांचं गेम-पार्लर आहे. उन्हाळ्यात मशीन बंद पडतात, लाइन जाते-येते, आजूबाजूला जिनिंग आहे. विंडोज १० आहे, नवे गेम चालत नाहीत. रॅम घ्यायला गेलो तर भाव ऐकून परत आलो. (हिंगणघाट, जि. वर्धा)

रॅमपासून सुरू करतो, कारण तिथे थांबून काही उपयोग नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी मेमरी बनवणाऱ्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं, म्हणून २०२५ च्या शेवटी भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. जुनी रॅम घ्यायची तर मेमटेस्ट८६ या तपासणीची एक पूर्ण फेरी चालवून, एकही लाल ओळ न येता, मगच पैसे द्या. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. सोळाची एक कांडी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर फरक ठळक दिसतो.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा आहे, धंद्याच्या मशीनला ती वेगळी आणि पैशाची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. ‘बॅटलफील्ड ६’सारखे गेम ‘सिक्युअर बूट’ (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असल्याशिवाय उघडत नाहीत. ते घाईने बायोसमध्ये चालू केलंत आणि डिस्क जुन्या एमबीआर प्रकारची असेल तर मशीन सुरूच होणार नाही. आधी डेटा बाजूला काढा, डिस्क जीपीटीमध्ये बदला (विंडोजमध्येच त्याची सोय आहे), मग बायोस यूईएफआयवर आणि मग सिक्युअर बूट.

आता वीज. खेळताना एक मशीन साधारण ३०० वॅट आणि मॉनिटर २५, म्हणजे ३२५ धरा. ६०० व्हीएचा यूपीएस कागदावर ३६० वॅट देतो. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच, म्हणजे ८४ वॅट-तास, आणि एवढ्या ओढीला त्यातली निम्मीही मिळत नाही. हिशेबाने पाचेक मिनिटं चालेल, बॅटरी वर्षभर जुनी असेल तर तेवढीही नाही. १००० व्हीए घ्या. चांगल्या पॉवर सप्लायला साध्या यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीची वीज सोसत नाही, लाइन जाताच मशीन बंद होतं, म्हणून शुद्ध साइन वेव्हचा विचारा. सगळं पार्लर चालवायचं तर १,९५० वॅटला ३ केव्हीए इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या चार बॅटऱ्या, दीड तासाच्या आसपास मिळेल. इन्व्हर्टरची कळ ‘यूपीएस’वरच हवी. दुसऱ्या बाजूला ती वीज बदलायला जास्त वेळ घेते आणि मशीन रिसेट होतात. बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा आला तर आधी इलेक्ट्रिशियन, मग गेम. मुलं अनवाणी बसतात, हे थांबण्यासारखं काम नाही.

उष्णतेसाठी तुम्ही कूलर लावला असेलच. त्याचा झोत मशीनवर सरळ येऊ देऊ नका. बोअरच्या पाण्याचे थेंब हवेतून येतात आणि बोर्डवर पांढरे क्षार चढवतात. कूलर माणसांकडे, मशीनची तोंडं उलट्या बाजूला, आणि मागची खिडकी उघडी. पावसाळ्यात पाण्याचा पंप बंद ठेवा. प्रत्येक गेममध्ये चौकटींची मर्यादा ६० लावा, कार्डाची उष्णता लगेच उतरते आणि साध्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला फरक कळत नाही. जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू धुळीपेक्षा वाईट, जाळीवर गादीसारखे बसतात. तेव्हा दर आठवड्याला जाळी, एरवी पंधरा दिवसांनी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा जोरात फिरून बेअरिंग जातं. दोन वर्षांनी प्रोसेसरवरची पेस्ट बदला.

प्रश्न : बीजीएमआय (मोबाइलवरचा लढाईचा गेम) खेळताना मोबाइल तापतो आणि ऐनवेळी पिंग वाढतो. (चिमूर, जि. चंद्रपूर)

चार्जिंगला लावून खेळू नका, जाड कव्हर काढा, ग्राफिक्स ‘स्मूद’ ठेवा आणि पडद्याचा उजेड कमी करा. टिनाच्या छपराखाली दुपारी कोणताच मोबाइल टिकत नाही, तो स्वतःच वेग उतरवतो. फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय करू नका, आत बाष्प धरतं. पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. त्याचा आणि डाउनलोडच्या वेगाचा फारसा संबंध नाही. ५जी येतं-जातं असेल तर नेटवर्क ४जीवर कायम करा. उड्या थांबल्या की आकडा स्थिर होतो. संध्याकाळी सात ते अकरा टॉवरवर गर्दी असते, त्यावर घरबसल्या इलाज नाही.

प्रश्न : कमी पैशात गेम कधी मिळतात? आणि नाही चालला तर? (देऊळगाव राजा, जि. बुलढाणा)

स्टीमचे मोठे सेल मार्चमध्ये, जूनच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात येतात. पैसे यूपीआयने भरता येतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून पहिला तास फक्त चालतो की नाही हे बघण्यात घालवा. एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान दर गुरुवारी एखादा गेम फुकट देतं. मशीन ३२-बिट विंडोजवर असेल तर स्टीमचा पाठिंबा १ जानेवारी २०२६ पासून बंद झाला आहे.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढ्यांचा गेम गोडोत बनवला. वेब आवृत्ती पेनड्राइव्हवरून उघडली तर पडदा काळा. शाळेत नेट नाही. (धारणी, जि. अमरावती)

गेम बिघडलेला नाही. ब्राउझर अशा फाइली डिस्कवरून थेट उघडू देत नाही, त्या सर्व्हरवरून आलेल्या लागतात. त्यासाठी नेट लागत नाही. शाळेच्या एका संगणकावर पायथन टाकून त्याचा साधा सर्व्हर त्या फोल्डरात चालू करा आणि त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये localhost या पत्त्यावरून उघडा. गोडो ४.३ किंवा पुढची आवृत्ती वापरा आणि बांधताना ‘थ्रेड’चा पर्याय बंद ठेवा, नाहीतर पडदा पुन्हा काळा येईल. टॅबसाठी सोपं म्हणजे एपीके बांधून पेनड्राइव्हने प्रत्येकावर टाकणं. २ जीबीच्या टॅबवर चित्रं ५१२ च्या आत ठेवा. सूचना कोरकूतही द्या, तीही देवनागरीतच लिहिता येते आणि पहिलीच्या मुलाला ‘सात चोक’च्या आधी ‘इथे बोट लाव’ हे आपल्या बोलीत कळायला हवं. ती सूचना आवाजात घातली तर उत्तम. गावातल्याच एखाद्या मोठ्या मुलीकडून बंद खोलीत, गोधडी अंगावर घेऊन ध्वनिमुद्रण करा, घुमणारा आवाज निघून जातो.